दहा मिनिटांत हात पूर्ववत झाला, तरी वडिलांना आजच कोल्हापुरास आणावे का?

भोगावतीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी नोकरीनिमित्त कोल्हापुरात राहतो. आईवडील राधानगरी तालुक्यातील आमच्या गावी असतात. वडिलांचे वय ६६ आहे. आज सकाळी डेअरीला दूध घालून ते घरी आले आणि चहा पिताना उजव्या हातातील कप त्यांच्या नकळत सुटून पडला. काय झाले असे आईने विचारले तेव्हा त्यांना शब्द नीट उच्चारता येईनात, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे तोंडाची उजवी बाजू किंचित ओघळल्यासारखी दिसत होती. शेजारीपाजारी गोळा होईपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, बोलणे सुधारले, हातही उचलू लागला, आणि त्यानंतर ते जनावरांना वैरण टाकायलाही गेले.

गावातील डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो १७८/१०० भरला. बीपी आता नॉर्मल आहे असे समजून वडिलांनी रक्तदाबाची गोळी दिवाळीपासून परस्पर बंद केली होती, हे या निमित्ताने कळले. तंबाखू मात्र सुरूच आहे. डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू करून दिली आणि सवडीने कोल्हापुरात दाखवून घ्या असे सांगितले. घरात मात्र एकमत नाही. चुलते म्हणतात की अंगावरून वारे गेले आहे, रविवारी वाऱ्याचे औषध देणाऱ्याकडे नेऊ आणि तोवर आंबट व वातूळ बंद ठेवू. आईला वाटते की उपाशीपोटी चहा घेतल्याने पित्त चढले. वडिलांचे म्हणणे असे की मला काही झालेलेच नाही, फडात टोळी आली आहे, उसाची तोड उरकली की पाहू.

माझे प्रश्न असे आहेत. लक्षणे पूर्ण गेली असताना आजच्या आज धावपळ करण्याची खरोखर आवश्यकता आहे का? असा प्रकार पुन्हा झाला तर जवळच्या दवाखान्यात न्यावे की थेट कोल्हापूर गाठावे? आणि घरात ॲस्पिरिनची गोळी ठेवून अशा वेळी ती लगेच द्यावी, असे व्हॉट्सॲपवर वाचनात आले आहे, ते बरोबर आहे का?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कागल यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: आजच निघा, रात्र झाली तरी चालेल. पुढची कारणे गाडीत बसून वाचावीत.

आपण जे वर्णन केले आहे त्यात एक गोष्ट फार बोलकी आहे. उजवा हात, चेहऱ्याची उजवी बाजू आणि वाचा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी गेल्या आणि एकाच वेळी परतल्या. शरीराच्या उजव्या बाजूचा ताबा मेंदूच्या डाव्या भागाकडे असतो आणि बहुतेक माणसांमध्ये वाचेचे केंद्रही डावीकडेच असते. त्यामुळे ही तीन लक्षणे एकत्र आली की ती मेंदूच्या एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतात. पित्ताने मळमळ होईल, डोके दुखेल, घेरीही येईल. पण पित्त नेमके उजव्या अर्ध्या अंगाला आणि जिभेला निवडून धरत नाही. आपल्या वडिलांच्या मेंदूकडे जाणारी एखादी रक्तवाहिनी बहुधा गुठळीने काही मिनिटे अडली आणि ती गुठळी विरघळल्याने किंवा पुढे सरकल्याने प्रवाह पुन्हा सुरू झाला. यास दवाखान्यात टीआयए म्हणतात आणि जाणकार डॉक्टर त्याकडे मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना म्हणून पाहतात.

ही सूचना किती गांभीर्याने घ्यावी, हे आकड्यांवरून कळेल. टीआयए झालेल्या आणि वेळेवर उपचार न मिळालेल्या शंभर जणांपैकी सुमारे दहा जणांना पुढील तीन महिन्यांत पूर्ण पक्षाघात होतो, आणि त्यांतील जवळपास निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच होतो. म्हणजे रविवारपर्यंत किंवा तोड उरकेपर्यंत थांबणे म्हणजे सर्वाधिक धोक्याचे तास घरी बसून घालवणे होय. उलट बाजूही पाहावी. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांवरील उपचार लांबणीवर न टाकता तपासणीच्या दिवशीच सुरू केले गेले, तेव्हा तीन महिन्यांत पक्षाघात होण्याचे प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आले. त्यासाठी कोणतेही नवे औषध शोधून काढलेले नव्हते, जुनीच औषधे लवकर दिली होती.

रुग्णालयात सीटी स्कॅन किंवा एमआरआय, मानेतील रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी, ईसीजी, हृदयाची टूडी एको तपासणी, रक्तातील साखर आणि चरबी हे सर्व पाहिले जाईल. गुठळी कोठून आली, मानेतील अरुंद झालेल्या नाडीतून की हृदयातून, यावर पुढचे औषध ठरते, म्हणून नुसत्या सीटीवर समाधान मानून घरी परतू नये.

ॲस्पिरिनविषयी. पक्षाघाताच्या शंभर रुग्णांपैकी ढोबळमानाने ८५ जणांच्या मेंदूतील वाहिनी गुठळीने अडलेली असते आणि उरलेल्यांच्या मेंदूत वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून पाहून हे दोन प्रकार कोणालाही, अगदी मुरलेल्या डॉक्टरालाही, खात्रीने ओळखता येत नाहीत; ते सीटी स्कॅनवरच कळते. पहिल्या प्रकारात उपयोगी पडणारी ॲस्पिरिन दुसऱ्या प्रकारात रक्तस्राव वाढवू शकते. छातीत कळ आली की ॲस्पिरिन द्यावी हा हृदयविकाराचा सल्ला लोकांनी पक्षाघातालाही जोडून टाकला आहे, त्यातून हा घोळ झाला आहे. सीटी होईपर्यंत घरी ॲस्पिरिन देऊ नये.

रक्तदाबाची बंद केलेली गोळी पुन्हा सुरू केली हे योग्यच झाले. मात्र झटका आलेला असताना घरच्या घरी रक्तदाब झपाट्याने उतरवण्याचा प्रयत्न करू नये. जिभेखाली कॅप्सूल फोडून ओतण्याची पद्धत एके काळी सर्रास होती आणि काही ठिकाणी ती अजून टिकून आहे. पाटात ढेकूळ अडकले की शेवटच्या सरीला जे थोडे पाणी पोहोचते ते मागच्या दाबामुळे पोहोचते. अडलेल्या वाहिनीच्या आजूबाजूचा मेंदूही तसाच वाढलेल्या रक्तदाबावर तग धरून असतो. तो दाब एकदम पाडला तर वाचू शकणारा भागही जातो. दाब किती असू द्यायचा हे रुग्णालयात ठरवतात.

शाहूपुरीतील वाचक यांचे उत्तर

प्रश्नकर्त्यांनी चुलत्यांचे म्हणणे इतक्या लवकर बाजूला सारू नये, असे मला वाटते. माझ्या मामांचे तोंड वाकडे झाले होते. त्यांना वाऱ्याचे औषध दिले, सोबत पथ्य पाळले, आणि काही आठवड्यांत तोंड पूर्ण सरळ झाले. आमच्या भागात असे अनुभव घरोघरी ऐकायला मिळतात. मोठ्या रुग्णालयात नेल्यावर एमआरआयपासून सुरुवात होते आणि बिल पाहून धाप लागते, हेही खोटे नाही.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कागल यांचे उत्तर

आपल्या मामांचा अनुभव खरा आहे याबद्दल मला शंका नाही, फक्त त्याचे कारण वेगळे असू शकते. नुसते तोंड वाकडे होणे आणि हात, पाय, वाचा यांना काहीही न होणे हा पुष्कळदा चेहऱ्याच्या नसेचा आजार असतो, त्यास बेल्स पाल्सी म्हणतात. त्यात रुग्णाला त्या बाजूच्या कपाळावर आठ्या घालता येत नाहीत आणि डोळा पूर्ण मिटत नाही. पक्षाघातात सहसा कपाळ हलते आणि फक्त गालाचा व ओठांचा भाग ओघळतो. बेल्स पाल्सीचे बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप बरे होतात. पहिल्या तीन दिवसांत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्यास पूर्ण बरे होण्याची शक्यता वाढते, म्हणून त्यासाठीही डॉक्टरांकडे जाणे फायद्याचेच असते. मात्र घरी बसून कपाळ हलते की नाही याची परीक्षा घेत वेळ घालवू नये. तोंड वाकडे दिसले की रुग्णालय गाठावे आणि भेद करण्याचे काम तेथे सोपवावे.

टीआयएच्या बाबतीत तर गावठी औषधाची कीर्ती होणे अटळच आहे. जे लक्षण दहा मिनिटांत आपोआप जाणार आहे, त्याला त्या दहा मिनिटांत दिलेले काहीही लागू पडते, मग ते कबुतराचे रक्त चोळणे असो, लसणाचे तेल असो किंवा नुसती शेजाऱ्यांची गर्दी असो. पुढे त्याच माणसाला महिन्याभराने मोठा झटका आला की मात्र त्याचा संबंध कोणी त्या औषधाशी जोडत नाही, पथ्य मोडले असे म्हणतात. औषध देणाऱ्या माणसाच्या हेतूवर मी बोलत नाही. पण त्याच्याकडे जाण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत, आणि रुग्णालयातून घरी आल्यावर तेल चोळायला कोणाचीच हरकत नसते.

अपघात विभागातील परिचारिका यांचे उत्तर

डॉक्टरसाहेबांनी आजाराविषयी लिहिलेच आहे. मी घरातल्या माणसांनी काय पाहावे आणि काय करावे याविषयी लिहिते, कारण आमच्याकडे उशिरा येणाऱ्या रुग्णांचा बहुतेक वेळ रस्त्यात नव्हे, घरातच गेलेला असतो.

पाहायच्या गोष्टी फार नाहीत. रुग्णाला हसायला किंवा दात दाखवायला सांगावे आणि ओठाची एक बाजू मागे राहते का ते पाहावे. डोळे मिटून दोन्ही हात समोर, तळवे वर करून, धरायला सांगावेत. दहा सेकंदांत एक हात हळूहळू खाली येऊ लागला किंवा तळवा आत वळू लागला तरी ती शक्ती कमी झाल्याची खूण आहे, हात पूर्ण लुळा पडण्याची वाट पाहू नये. साधे वाक्य म्हणायला सांगावे, उदाहरणार्थ, आज वार कोणता आणि आपण कोठे बसलो आहोत. बोलणे जड होणे जसे महत्त्वाचे, तसेच स्पष्ट शब्दांत असंबद्ध बोलणे किंवा समोरच्याचे बोलणेच न समजणे हेही महत्त्वाचे आहे. अशा रुग्णाला घरचे लोक भ्रम झाला किंवा बाहेरचे काही लागले असे समजतात आणि भलतीकडे नेतात. याशिवाय एका डोळ्यापुढे किंवा दोन्ही डोळ्यांच्या एकाच बाजूला अचानक अंधार येणे, एकाची दोन दिसणे, अचानक तोल जाऊन उभेही राहता न येणे, आणि आयुष्यात कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी क्षणात सुरू होणे, हीदेखील धोक्याची लक्षणे आहेत. तोल जाण्याला चक्कर म्हणून गोळी देण्याचा प्रघात फार आहे. साध्या चक्करेत माणूस आधाराने चालू शकतो. पण चालताच येत नसेल, सोबत गिळायला त्रास होत असेल किंवा जीभ जड झाली असेल, तर ती साधी चक्कर समजू नये.

या सगळ्यांत समान शब्द एकच आहे: अचानक. महिनोन्महिने हळूहळू वाढणारी मुंग्या येण्याची तक्रार वेगळी, आणि चहा पिता पिता कप सुटणे वेगळे.

आता वडील स्वतःच काही झाले नाही म्हणतात, त्याविषयी. या आजारात रुग्णाच्या मतावर निर्णय सोपवू नये असे मी आग्रहाने सांगेन. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांना आपली डावी बाजू गेली आहे हेच कळत नाही. हात उचला म्हटले की ते उचलला असे खात्रीने सांगतात आणि हात गादीवर तसाच पडलेला असतो. हा हट्ट नसतो, ते आजाराचेच लक्षण असते. आणि या आजारात बहुतेकदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस झोपून पाहतो, घरचेही झोपू देतात, आणि सकाळी उठल्यावर अर्धे अंग गेलेले असते.

घरात काय करू नये तेही सांगते. पाणी, चहा, लिंबूपाणी, गोळी, तोंडावाटे काहीच देऊ नये, कारण गिळण्याची ताकद गेलेली असली तर ते फुप्फुसात उतरते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया पुष्कळांचा जीव घेतो. मधुमेही रुग्णाची साखर घरच्या यंत्रावर मिनिटभरात पाहता येत असेल तर जरूर पाहावी, कारण साखर फार उतरली तरी अगदी पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात. पण यंत्र शोधण्यात वेळ घालवू नये. रुग्ण गुंगीत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर झोपवावे. सुईने बोटांची टोके आणि कानाच्या पाळ्या टोचून रक्त काढल्याने झटका टळतो असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे; त्यात काहीही तथ्य नाही, आणि बोटे टोचलेले रुग्ण आम्ही प्रत्यक्ष पाहतो म्हणून लिहिते.

रुग्णालयात आल्यावर आम्ही सर्वांत आधी जो प्रश्न विचारतो त्याचे उत्तर देणारा माणूस सोबत असावा. प्रश्न असा: रुग्ण शेवटचा पूर्णपणे ठीक कधी दिसला होता? लक्षण कधी लक्षात आले ही वेळ आम्हाला पुरेशी नसते. रात्री दहाला जेवून ठीक झोपलेला माणूस पहाटे सहाला वाकडे बोलत उठला तर आमचे घड्याळ रात्री दहापासून सुरू होते. तरीही उशीर झाला म्हणून घरी बसू नये, कारण एमआरआयवरून किंवा मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या तपासणीवरून अशा काही रुग्णांनाही उपचार देता येतात. चालू औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणाव्यात.

गगनबावडा रस्ता यांचे उत्तर

सिस्टरनी लिहिलेल्या वेळेच्या मुद्द्याला रस्त्याची बाजू जोडतो, कारण प्रश्नकर्त्यांचा दुसरा प्रश्न आमच्यासारख्या डोंगराकडेच्या लोकांना अधिक जवळचा आहे.

आमच्या शेजाऱ्यांना हाताची शक्ती गेल्यावर वाटेतील एका खासगी दवाखान्यात नेले. तेथे सलाइन लावले, इंजेक्शने दिली, आणि दुपारपर्यंत पाहू असे सांगितले. त्या दवाखान्यात सीटी स्कॅनचे यंत्रच नव्हते. दुपारी कोल्हापुरास हलवले तेव्हा गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. जवळचा दवाखाना आणि योग्य दवाखाना यांत जो फरक आहे तो तेव्हा सगळ्या गल्लीला समजला.

त्यानंतर मी घरासाठी एक काम करून ठेवले आहे, ते सुचवतो. कोल्हापुरातील दोन-तीन मोठ्या रुग्णालयांत शांत दिवशी फोन करून मी तीन गोष्टी विचारल्या: सीटी स्कॅन रात्रीही होते का, पक्षाघाताचे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तेथे दिले जाते का, आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा ते इंजेक्शन देणारे फिजिशियन रात्री बोलावल्यावर येतात का. गुठळी तार घालून काढण्याची सोय कोठे आहे तेही विचारून घेतले. शासकीय रुग्णालय म्हणून सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) आहेच, ते राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. तेथील सोयींचीही अशीच आधी माहिती घ्यावी. झटका आल्यावर ही चौकशी करणे शक्य होत नाही.

गाडीसाठी पहिला फोन १०८ ला करावा. ही शासनाची मोफत सेवा आहे. फोनवर पक्षाघाताची शंका आहे असे स्पष्ट सांगावे आणि गाडी किती वेळात पोहोचेल ते विचारावे. गाडी फार लांब असेल आणि दारात जीप उभी असेल तर जीपने निघावे, पण निघताना रुग्णालयात फोन करून आम्ही अमुक वाजता पोहोचतो आहोत असे कळवावे, म्हणजे सीटी विभाग मोकळा ठेवता येतो. पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की आमचा रस्ता बंद पडतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तर शिरोलीजवळ महामार्गही बंद होता. पुराच्या दिवसांत घरात रक्तदाबाचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर पाणी चढण्याआधीच त्यास नातेवाइकांकडे शहरात ठेवावे, असे आमच्याकडे आता काही घरे करतात. चंदगडकडील लोकांनी कोल्हापूरचा हट्ट धरू नये, त्यांना बेळगाव कितीतरी जवळ पडते.

खर्चाविषयी शाहूपुरीतील वाचकांनी लिहिले ते खरे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्राचा कक्ष असतो. कोणते उपचार योजनेत बसतात ते तेथे विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांच्या प्रती औषधांच्या पिशवीतच ठेवाव्यात, पण कागद सापडेना म्हणून निघायचे थांबू नये. कागद मागाहून कोणीही घेऊन येऊ शकतो.

इचलकरंजीतील वाचक यांचा उपप्रश्न

त्या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होतो असे ऐकले आहे. माझ्या परिचितांनी या भीतीने संमतीपत्रावर सही केली नाही. आणि हा आजार साठीनंतरचाच समजावा का?

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कागल यांचे उत्तर

भीती निराधार नाही, म्हणून तिचे माप सांगतो. या इंजेक्शनचा उपयोग सिद्ध करणारा अमेरिकेतील मोठा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना इंजेक्शन दिले त्यांच्यापैकी सुमारे सहा टक्के रुग्णांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. तरीही तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा फारसे अपंगत्व न राहता सावरलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांत न घेतलेल्यांपेक्षा निदान ३० टक्क्यांनी अधिक होते, आणि मृत्यूचे प्रमाण वाढले नव्हते. हे इंजेक्शन सरसकट दिले जात नाही. सीटीवर रक्तस्राव नाही, रक्तदाब १८५/११० च्या खाली आणला आहे, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेली नाही, रक्त पातळ करणारे औषध चालू नाही, अशा गोष्टी तपासूनच ते देतात. मुदत साडेचार तासांची आहे, पण ती पुरेपूर वापरण्यासाठी नाही. अडलेल्या मोठ्या वाहिनीमुळे दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात असा २००६ सालचा अंदाज आहे, त्यामुळे पहिल्या तासात दिलेले इंजेक्शन आणि चौथ्या तासात दिलेले इंजेक्शन यांचा परिणाम सारखा नसतो. मोठी वाहिनी अडली असेल तर मांडीतील धमनीतून तार घालून गुठळी बाहेर काढतात. ते साधारणतः सहा तासांत करतात, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनंतर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करतात. संमतीपत्रावर सही कोणी करायची यावर व्हरांड्यात पाऊण तास चर्चा चालते, तो पाऊण तास रुग्णाच्या मेंदूतून वजा होतो. घरात आधीच ठरवावे.

वयाविषयी थोडक्यात: नाही. वाढते वय धोका वाढवते हे खरे, पण रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू असलेल्या चाळिशीतील माणसांनाही पक्षाघात होतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेली असेल तर त्याहून तरुणांनाही होतो. बाळंतिणीला काही दिवसांत सतत वाढणारी डोकेदुखी, आकडी किंवा हातापायातील शक्ती कमी होणे असे काही दिसले तर मेंदूतील शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी. त्याला बाळंतवात म्हणून सोडून देऊ नये.

भोगावतीकाठ यांचा पुढील मजकूर

सर्वांचे आभार मानतो. डॉक्टरसाहेबांचे उत्तर वाचून त्याच रात्री गाडी पाठवली आणि वडिलांना येथील रुग्णालयात दाखल केले. ते यायला तयार नव्हते, शेवटी टोळीच्या मुकादमानेच त्यांना फड मी बघतो असे सांगितले तेव्हा ते गाडीत बसले. सीटीमध्ये रक्तस्राव नाही. एमआरआयमध्ये डाव्या बाजूस लहानसा नवा ठिपका दिसला, आणि ईसीजीमध्ये हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचे आढळले. येथील डॉक्टरांनी त्यास एट्रियल फिब्रिलेशन म्हटले आहे आणि रक्त पातळ होण्याची गोळी कायमची घ्यावी लागेल असे सांगितले. वडिलांना छातीत धडधड कधीच जाणवली नव्हती. सर्व लक्षणे गेलेली असताना एमआरआयमध्ये ठिपका कसा, आणि ही गोळी खरोखर कायम घ्यावी लागते का, याविषयी कृपया लिहावे.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी, कागल यांचे उत्तर

वडिलांना वेळेवर आणलेत हे फार बरे झाले. लक्षणे पूर्ण गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांच्या एमआरआयमध्ये असा ठिपका सापडतो. त्याचा अर्थ मेंदूचा बारीकसा भाग गेला, पण आजूबाजूच्या भागाने काम सांभाळून घेतले.

ठोके अनियमित पडतात तेव्हा हृदयाचा वरचा डावा कप्पा नीट आकुंचन पावत नाही. त्यात रक्त साचून गुठळी धरते आणि ती सुटली की सरळ मेंदूकडे जाते. अशा गुठळ्या मोठ्या असतात, म्हणून या कारणाने होणारे झटकेही सहसा मोठे असतात. धडधड जाणवतेच असे नाही, पुष्कळांना ती जाणवत नाही. घरातील साठीपुढच्या माणसांची मनगटावरील नाडी अधूनमधून मिनिटभर पाहावी. ठोक्यांत काहीच लय सापडत नसेल तर ईसीजी काढून घ्यावा.

या रुग्णांत ॲस्पिरिन पुरेशी ठरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळीने पक्षाघाताचा धोका सुमारे दोन तृतीयांशाने कमी होतो, आणि ठोके काही काळ नियमित झाले तरी गोळी सहसा चालूच ठेवतात. जुन्या प्रकारची गोळी, म्हणजे वॉरफेरिन किंवा असिनोकुमारोल, दिली असेल तर आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते आणि तो आकडा साधारणतः २ ते ३ च्या दरम्यान ठेवावा लागतो. या गोळीवर पालेभाजी बंद करण्याची गरज नाही, मात्र एक आठवडा रोज मेथी-पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही असे करू नये. नव्या प्रकारच्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण त्यांचा परिणाम एका दिवसात उतरतो, त्यामुळे एखादी वेळ चुकली तरी संरक्षण जाते. रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून बंद केली, तसे या गोळीच्या बाबतीत घडू देऊ नये. दात काढायचा असला तरी परस्पर बंद न करता आधी डॉक्टरांना विचारावे, अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नयेत, आणि शौचास काळी झाल्यास किंवा लघवीतून रक्त दिसल्यास लगेच दाखवावे. तंबाखू सोडण्याविषयी आपल्या आईंना पुढाकार घेऊ द्यावा, मुलाचे या बाबतीत कोणी ऐकत नाही असा माझा नोकरीतला अनुभव आहे.

एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. या गोळीवर असताना पुन्हा झटका आला तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येईल की नाही हे शेवटची गोळी कधी घेतली होती त्यावर अवलंबून असते. इंजेक्शन देता आले नाही तरी तार घालून गुठळी काढण्याचा मार्ग खुला राहतो. म्हणून गोळीचे नाव, मात्रा आणि रोजची वेळ लिहिलेला कागद वडिलांच्या खिशात ठेवावा, त्याची दुसरी प्रत आईंकडे द्यावी, आणि गोळी दिली की आईंनी कॅलेंडरवर वेळेसह खूण करावी, म्हणजे रुग्णालयात विचारल्यावर त्यांना आठवत बसावे लागणार नाही.